पद्मिनी घाट उतरताना सायलेन्सरमधून फटाके फोडते. शोध कुठून सुरू करू?

देवरुखची_वाट

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९८६ ची प्रीमियर पद्मिनी आहे. वडिलांनी नवी घेतली होती, अजून त्यांच्याच नावावर आहे. गाडी कोल्हापुरात असते आणि महिन्या-दीड महिन्यातून एकदा आंबा घाट उतरून देवरुखजवळच्या आमच्या गावी जाते. दिवाळीच्या आधी सायलेन्सर खालून पूर्ण सडला होता, तो नवा टाकून घेतला. बाकी गाडी उत्तम.

गेल्या तीन फेऱ्यांत मात्र घाट उतरताना सायलेन्सरमधून फटाके फुटतायत. चढाला काही नाही. सपाटीला साठ-पासष्टच्या वेगात काही नाही. आंबा गाव सोडलं, उतार लागला, तिसऱ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलेटरवरून पाय काढला की तीन-चार सेकंदांनी आधी बारीक फट, मग लागोपाठ फट-फट, आणि मग एकच दणका. मागच्या खेपेला एका वळणावर असा वाजला की पुढचा दुचाकीवाला दचकून रस्त्याच्या कडेला गेला. त्याच्या मागे त्याची बायको आणि लहान मूल होतं. तेव्हापासून मला झोप नीट लागत नाही.

दोन गॅरेज झाली. चारही प्लग, कॉइल, कार्बोरेटरचा किट, एअर फिल्टर असं सगळं बदलून साडेसहा हजार गेले. दुसऱ्या ठिकाणी म्हणाले, "मिक्श्चर जरा रिच करून दिलंय, आता गाडी गोड चालेल." म्हणजे हवेतलं पेट्रोलचं प्रमाण वाढवलं. फटाके वाढले. तिसरा मिस्त्री सरळ इंजिन खोलायचं म्हणतो.

इंजिन खोलायला माझी ना नाही, पण का खोलायचं ते मला आधी कळायला हवं. वडील ७८ वर्षांचे आहेत, घाटात प्रत्येक वळणाला डॅशबोर्डवर हात टेकून बसतात. कृपया सांगा, काय क्रमाने तपासू?

प्लगपाना

कंडेन्सर. शंभर टक्के कंडेन्सर. बदला आणि धागा बंद करा.

नादखुळा_११००

भावा, आधी पॉइंट (डिस्ट्रिब्युटरमधली उघडझाप करणारी कळ, ठिणगी तिच्यामुळे पडते) बघ. पॉइंटचा गॅप कमी झाला की ते उशिरा उघडतात, म्हणजे ठिणगी उशिरा पडते. ठिणगी उशिरा पडली की पेट्रोल अजून जळतंय तोवर एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह उघडतो आणि जाळ सरळ एक्झॉस्टच्या मॅनिफोल्डमध्ये (इंजिनातून धूर बाहेर नेणारा पाइप). टायमिंग फार मागे गेलं असेल तर रात्री बॉनेट उघडून बघ, मॅनिफोल्ड लालसर दिसतो. माझ्या गाडीत दिसला होता.

आणि एक, प्लग बदलताना वायरी इकडच्या तिकडे झाल्या नाहीत ना? आपल्या इंजिनाचा क्रम १-३-४-२.

देवरुखची_वाट

वायरी बरोबर आहेत, तपासल्या. वायरी चुकल्या असत्या तर चढाला ओढलीच नसती ना?

नादखुळा_११००

बरोबर. ते सोड मग. पण पॉइंट बघच.

लेथवरचा_माणूस

मी कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात २६ वर्षं काम करतोय. इंजिनची कामं रोज टेबलावर येतात, त्यामुळे थोडं सविस्तर लिहितो.

पहिला प्रश्न: आवाज कार्बोरेटरमधून येतो की सायलेन्सरमधून? तुम्ही सायलेन्सर म्हणताय, छान. हा फरक न विचारताच लोक सुटे भाग बदलत सुटतात. कार्बोरेटरमधून शिंक आली तर मिक्श्चर फार पातळ (पेट्रोल कमी, हवा जास्त), टायमिंग बिघडलेलं किंवा इनटेकचा व्हॉल्व्ह गळका, असा माग काढायचा. सायलेन्सरमधून दणका आला याचा अर्थ न जळलेलं पेट्रोल एक्झॉस्टमध्ये पोचलं आणि तिथे पेटलं.

दुसरा प्रश्न: कधी? हा पहिल्यापेक्षा मोठा. जोर देताना फटाके आले तर ठिणगीकडे बघा: प्लग, कंडेन्सर, डिस्ट्रिब्युटरची कॅप, रोटर. आयडलला ठराविक ठेक्यात आले तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह नीट बसत नाहीये. गाडी चालू करतानाच आला तर टायमिंग किंवा आदल्या प्रयत्नात साठलेलं पेट्रोल. आणि तुमच्यासारखं, पाय काढल्यावर, गाडी गिअरमध्ये असताना आले, तर कथा वेगळी.

उतारावर तिसऱ्या गिअरमध्ये पाय काढला की इंजिन गाडी ओढत नाही, चाकंच इंजिनाला फिरवतात. इंजिन अडीच-तीन हजार फेऱ्यांवर आणि कार्बोरेटरचं झाकण बंद. इनटेक मॅनिफोल्डमध्ये (हवा-पेट्रोल आत नेणारा पाइप) जबरदस्त ओढ तयार होते आणि आयडलच्या बारीक भोकातून पेट्रोल खेचलं जातं. सिलिंडरमध्ये हवा नावाला, त्यात आदल्या फेरीचा जळका धूर मिसळलेला. असा माल ठिणगीने धड पेटत नाही. न पेटताच बाहेर पडतो. सायलेन्सर तापलेला आहे, पेट्रोलची वाफ आहे, कमी आहे ती फक्त ताज्या हवेची. ती हवा कुठून मिळाली की दणका.

म्हणून दोन गोष्टी शोधा: पेट्रोल जास्त का जातंय, आणि हवा कुठून शिरतेय. त्या गॅरेजने मिक्श्चर रिच करून पहिल्या कारणात भर टाकलीय, फटाके वाढले ते त्यामुळेच.

एक सोपी चाचणी. मोकळ्या सपाट रस्त्यावर, मागे-पुढे कोणी नसताना तिसऱ्यात पन्नासपर्यंत न्या, पाय काढा. फटाके सुरू झाले की क्लच दाबा. लगेच थांबले तर खात्री पटेल की चाकं इंजिनाला फिरवतात तेव्हाच हे होतंय. हे घाटात करू नका.

आमोणकर_काकू

लेथवरचा_माणूस, हे इतकं नीट मला कुणी आजवर सांगितलं नव्हतं. वाचनखूण साठवली.

काळीपिवळी

माझे वडील दादरला पद्मिनी टॅक्सी चालवायचे. फटाक्यांवरून सीएनजीचे दिवस आठवले. गॅस पेटवायला पेट्रोलपेक्षा दणकट ठिणगी लागते. प्लग थोडा जरी झिजला की गाडी सायलेन्सरमधून नाही, उलटी कार्बोरेटरमधून भडकायची आणि एअर फिल्टरचं झाकण उडायचं. वडील म्हणून प्लगचा गॅप पेट्रोलपेक्षा कमी ठेवायचे आणि दर रविवारी चारही प्लग काढून घासायचे. घरात त्या पॉलिश पेपरचे तुकडे कायम पडलेले असायचे. आई त्यावरच सुऱ्या घासायची.

३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईत पद्मिनी टॅक्सी उरली नाही. शेवटची २९ ऑक्टोबर २००३ ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती, वीस वर्षांची मर्यादा संपली. त्या दिवशी वडील दिवसभर गप्प होते. देवरुखची_वाट, तुमची गाडी जपा. कुर्ल्याच्या कारखान्यातून आता नवी येणार नाही.

देवरुखची_वाट

काळीपिवळी, तुमचा प्रतिसाद वडिलांना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला.

बारामतीचा_पंप

कुणी ई२० चं नावच घेतलं नाही? आता सगळ्या पंपांवर वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल. जुन्या गाड्यांचे सगळे त्रास तिथूनच सुरू झालेत.

रसायनशास्त्री_तात्या

थोडा आकड्यांचा हिशोब मांडतो. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने साधारण १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला ९. वीस टक्के मिसळलं की ते प्रमाण साडेतेराच्या आसपास येतं. कार्बोरेटरचं जेट म्हणजे एक ठराविक मापाचं भोक, त्याला इंधन बदललेलं कळत नाही. म्हणजे तीच गाडी पूर्वीपेक्षा सुमारे आठ टक्के पातळ मिक्श्चरवर चालते. पातळ मिक्श्चरची लक्षणं म्हणजे थंड असताना अडखळणं, पिकअप घेताना खड्डा पडल्यासारखं होणं, कार्बोरेटरमधून शिंक. पार न पेटण्याइतकं पातळ झालं तर सायलेन्सरमध्येही वाजेल. पण तुमची गाडी चढाला स्वच्छ ओढते, आणि रिच केल्यावर फटाके वाढले. पातळ असती तर कमी व्हायला हवे होते.

तेव्हा या दुखण्यासाठी मी ई२० ला जबाबदार धरणार नाही. पण जुनी गाडी आहे तर पेट्रोलचे रबरी पाइप आणि पेट्रोल पंपाचा पडदा मात्र बघून घ्या. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं. गरम इंजिनावर पेट्रोलचा थेंब पडणं फटाक्यापेक्षा धोक्याचं.

बारामतीचा_पंप

पटलं तात्या. माझ्या स्कूटरचा पाइप असाच चिकट झाला होता, त्यावरून मी सगळ्याचा दोष तिकडे ढकलला.

घाटमाथ्यावरची

माझी पद्मिनी नाही, १९९४ ची मारुती ८०० आहे, कार्बोरेटरवाली. रोज पाचगणी ते वाई, म्हणजे पसरणी घाट. मला अगदी हाच त्रास होता आणि मीही आधी प्लग आणि कॉइलवर पैसे घातले. माझ्यात निघाला व्हॅक्यूमचा एक पाइप. ८०० मध्ये त्या बारीक काळ्या नळ्यांचं जाळंच असतं, त्यातली एक कार्बोरेटरच्या खाली टोकाला चिरली होती. बोटाने वाकवली तेव्हाच चीर दिसली, एरवी दिसायची नाही. पद्मिनीत एवढ्या नळ्या नसाव्यात, पण इनटेक मॅनिफोल्डचं पॅकिंग आणि कार्बोरेटरच्या बुडाचं पॅकिंग नक्की बघा.

प्लगपाना

इनटेकची गळती शोधायला सोपा उपाय: इंजिन चालू ठेवून पॅकिंगच्या कडेने पेटती उदबत्ती फिरवा. धूर आत ओढला गेला की तिथे गळती.

लेथवरचा_माणूस

प्लगपाना, हे कृपा करून कुणी करू नका. कार्बोरेटरच्या आसपास पेट्रोलची वाफ असते, तिथे पेटती उदबत्ती नेली की गाडी जाते आणि माणूसही भाजतो. माझ्या शेजारच्या शेडमध्ये एका पोराचा हात कोपरापर्यंत भाजलेला मी पाहिलाय. साबणाचं पाणी थोडं थोडं टाका. गळती असेल तिथे पाणी आत ओढलं जातं आणि इंजिनचा आवाज क्षणभर बदलतो. तेवढं पुरतं.

प्लगपाना

मान्य. माझी चूक. वाचणाऱ्यांनी तो सल्ला घेऊ नये.

देवरुखची_वाट

रविवारी बसलो. काय केलं ते सांगतो.

सपाटीची चाचणी कागलच्या रस्त्यावर पहाटे केली. पन्नासला पाय काढला, फट-फट. क्लच दाबला, शांत. क्लच सोडला, परत फट. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच.

पॉइंट साफ करून गॅप लावला. खरंच कमी झाला होता, पण फार नाही. कंडेन्सरही बदलला (प्लगपाना, तुमच्या नावाने). कॅपला आतून तडा नाही. रात्री गॅरेजचा दिवा बंद करून इंजिन चालू ठेवलं, वायरींवरून ठिणगी उडते का बघितलं. काही नाही. साबणाच्या पाण्याने इनटेक तपासला, आवाज बदलला नाही. चारही प्लग काढले: चारही काळे, कोरडी काजळी, बोटाला लागणारी. फटाके थोडे कमी झाले असं वाटतंय, पण आहेत.

लेथवरचा_माणूस

चारही सारखे काळे म्हणजे एका सिलिंडरचं दुखणं नाही, सगळ्यांना जास्त पेट्रोल जातंय. आधी चोक पूर्ण उघडतोय ना ते बघा. पद्मिनीचा चोक केबलवर आहे, चाळीस वर्षांत केबल आखडते. नॉब आत गेला तरी कार्बोरेटरवरचा खटका पूर्ण मागे येतोच असं नाही. मग मिक्श्चरचा स्क्रू. इंजिन पूर्ण गरम करा, स्क्रू हळूहळू आत घ्या, इंजिन अडखळायला लागलं की परत बाहेर, सगळ्यात गुळगुळीत जिथे चालतं तिथे सोडा. अर्ध्या-अर्ध्या फेऱ्यांनी करा, घाई नको.

खडकीचा_फौजी

एक चाचणी राहिली. इंजिन आयडलला ठेवा आणि सायलेन्सरच्या तोंडापासून दोन बोटं अंतरावर वहीचा कागद धरा, वरची कड चिमटीत, खालची मोकळी. इंजिन निरोगी असेल तर कागद एकसारखा बाहेर फडफडतो. मधूनच मागे, तोंडाकडे ओढला जात असेल तर एखादा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाहीये किंवा एखादा सिलिंडर चुकतोय. फुकटची चाचणी आहे.

देवरुखची_वाट

चोक तुमच्या म्हणण्याप्रमाणेच निघाला! नॉब पूर्ण आत, पण खटका करंगळीच्या नखाएवढा बाहेर. केबल सोडून तेल घातलं, आता टेकतो. मिक्श्चरचा स्क्रू तर त्या गॅरेजने जवळजवळ पाच फेऱ्या बाहेर काढून ठेवला होता. आता सुमारे दोनवर गोड चालतेय.

पण कागदाची चाचणी केली आणि पोटात गोळा आला. कागद बाहेर, बाहेर, बाहेर, आणि मग चिकटल्यासारखा आत. ठराविक ठेक्यात. वडिलांनीही खाली बसून पाहिलं. म्हणाले, "श्वास अडकतोय तिचा."

नादखुळा_११००

हे व्हॉल्व्हचंच. कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब) बघ. हेड (सिलिंडरांवरचं झाकण) उतरवायची तयारी ठेव.

वडापाव_व्ही८

अवांतर: आमच्या गल्लीत पोरं मुद्दाम बुलेटचे सायलेन्सर बदलून फटाके फोडतात, पोलिसांनी रोडरोलरखाली ते सायलेन्सर चिरडले तरी हौस फिटत नाही. आणि इथे एक माणूस फटाका बंद व्हावा म्हणून रात्र जागतोय. तुमच्याबद्दल आदर वाटला.

देवरुखची_वाट

धन्यवाद. खरं तर त्या दुचाकीवरच्या लहान मुलाचा चेहरा डोळ्यांसमोरून जात नाही.

कॉम्प्रेशन बघितलं. इंजिन गरम, चारही प्लग बाहेर, कॉइलची वायर काढलेली, अ‍ॅक्सिलेटर पूर्ण दाबून. एक नंबर १२८, दोन १२५, तीन ९६, चार १२६. तिसऱ्यात चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा घेतलं तर फक्त ९९.

लेथवरचा_माणूस

ऑइलने वाढलं असतं तर पिस्टनची रिंग. वाढलं नाही, म्हणजे व्हॉल्व्ह. पण नादखुळा, हेड उतरवायची घाई नको. इंजिन थंड करा, टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग, त्यात थोडी फट हवी) बघा. तिसऱ्याच्या एक्झॉस्टला फिलर (फट मोजायची पातळ पात) जातोय का?

जुन्या इंजिनांत हे का होतं ते सांगतो. पूर्वीच्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं, ते व्हॉल्व्हच्या सीटवर (व्हॉल्व्ह जिथे टेकतो ती कड) बारीक थर धरून तिला जपायचं. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसंविरहित पेट्रोल झालं. ते माणसांसाठी, विशेषतः मुलांसाठी, चांगलंच झालं. पण जुन्या सीटा हळूहळू झिजत राहिल्या. सीट झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो, टॅपेटचा गॅप संपतो, आणि व्हॉल्व्ह थोडा उघडाच राहतो. टॅपेटचा खडखडाट लोकांना ऐकू येतो म्हणून ते येतात. घट्ट झालेला टॅपेट आवाज करत नाही. इंजिन उलट जास्त शांत वाटतं आणि व्हॉल्व्ह आतल्या आत जळतो.

देवरुखची_वाट

फिलर गेलाच नाही. सगळ्यात पातळ पातही नाही. बाकी सात टॅपेट थोडेफार इकडेतिकडे, हा एकटा पूर्ण घट्ट. मॅन्युअलमधल्या मापाने आठही लावले. मग १०० किलोमीटर फिरवून पुन्हा कॉम्प्रेशन घेतलं: तिसरा ११८. कागद आता अगदी क्वचित आत ओढतो.

पण मंडळी, पाय काढल्यावरचे फटाके अजून आहेत. कमी झालेत, निम्म्याहून कमी. आता मात्र कळेना.

खडकीचा_फौजी

अ‍ॅडव्हान्सची (वेग वाढला की ठिणगी लवकर पाडणारी) वजनं आणि स्प्रिंगा डिस्ट्रिब्युटरमध्ये अडकल्या नाहीत ना?

नादखुळा_११००

कार्बोरेटरमध्ये पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई?

घाटमाथ्यावरची

थांबा. मी आत्ता सगळा धागा पहिल्यापासून पुन्हा वाचला. देवरुखची_वाट, तुम्ही पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय की दिवाळीच्या आधी सायलेन्सर नवा टाकला. आणि फटाके गेल्या तीन फेऱ्यांपासून. या तिन्ही फेऱ्या सायलेन्सर बदलल्यानंतरच्याच ना? लेथवरच्या दादांनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, पेट्रोल जास्त का जातंय आणि हवा कुठून शिरतेय. पहिल्याची तीन कारणं सापडली. दुसऱ्याकडे आपण कुणी फिरकलोच नाही.

लेथवरचा_माणूस

ताई, अगदी बरोबर पकडलंत. मीच व्हॉल्व्हच्या मागे लागलो. मॅनिफोल्डला पुढचा पाइप जिथे जुळतो तो जोड बघा. सायलेन्सर बदलताना तो पाइप हलतो, आणि बरेच जण जुनंच पॅकिंग परत दाबून बसवतात. एकदा दाबलं गेलेलं पॅकिंग दुसऱ्यांदा बसत नाही.

तुम्ही म्हणाल, तिथून धूर बाहेर यायला हवा, हवा आत कशी जाईल? एक्झॉस्ट सलग वाहत नाही, ठोक्याठोक्याने येतो. प्रत्येक ठोक्यामागे क्षणभर ओढ तयार होते. जोर देताना ठोके दांडगे, बाहेरचाच दाब जास्त. पाय काढला की ठोके क्षीण होतात आणि ती ओढ बारीक फटीतून बाहेरची हवा आत घेते. म्हणूनच तुमची गाडी चढाला मुकी आणि उताराला बोलकी.

सकाळी इंजिन थंड असताना चालू करा, सायलेन्सरच्या तोंडावर जाड फडकं धरून क्षणभर अर्धवट अडवा आणि जोडाशी कान द्या. फुस-फुस ऐकू येईल. शेडचं दार मात्र पूर्ण उघडं ठेवा, एक्झॉस्टचा धूर बंद जागेत जीव घेतो.

देवरुखची_वाट

सापडलं. पहाटे सहाला अंगणात. मुलाने फडकं धरलं, मी बॉनेटखाली डोकं घातलं. फुस... फुस... फुस... टॉर्च मारला तर जोडाच्या इंजिनाकडच्या बाजूला, वरून अजिबात दिसणार नाही अशा जागी, काजळीचा पंखा. अगदी देवघरातल्या समईने भिंतीवर धरावी तशी, एका बिंदूपासून वर पसरत गेलेली. बोट लावलं तर मऊ, ताजी.

पाइप उतरवला. पॅकिंग जुनंच होतं, एका बाजूने जळून कागदासारखं झालेलं, त्यात तांदळाचा दाणा जाईल एवढी वाट. शिवाय एका स्टडवर (नट बसतो तो आट्यांचा दांडा) नट आवळलेला वाटत होता, पण तो गंजून अर्ध्यावरच अडकला होता. म्हणजे तो जोड त्या बाजूने कधी बसलाच नव्हता.

काळीपिवळी

समईची काजळी! वडिलांना सांगतो.

लेथवरचा_माणूस

नट पितळी घाला, लोखंडी नको. पितळी नट गंजून स्टडला धरत नाही, पुढच्या वेळी सहज निघेल. स्टडचे आटे खराब असतील तर गाडी घेऊन या, बदलून देऊ. दोन्ही तोंडं घासून सपाट करा, नवं पॅकिंग घाला, आणि एक नट पूर्ण आवळून मग दुसरा असं करू नका. आळीपाळीने थोडं थोडं.

सिन्नरचा_सोपान

एक विचारू का? आमचे मामा घाटात पेट्रोल वाचवायला इग्निशन बंद करून गिअरमध्येच गाडी सोडायचे आणि खाली आल्यावर चावी फिरवायचे. तेव्हाही दणका व्हायचा. तो हाच प्रकार?

लेथवरचा_माणूस

तोच, पण दहापट वाईट. चावी बंद, तरी चाकं इंजिनाला फिरवतायत, म्हणजे कार्बोरेटर पेट्रोल देतोय आणि ठिणगी नाही. सगळं न जळलेलं पेट्रोल तापलेल्या सायलेन्सरमध्ये साठतं. चावी फिरवली, पहिला सिलिंडर पेटला, की सायलेन्सर शिवणीवर उभा फाटतो. असे फाटलेले सायलेन्सर मी हातात धरलेत, आतले पत्रे सुटून खुळखुळ्यासारखे वाजतात. वर, उतारावर चावी चुकून शेवटपर्यंत मागे गेली आणि स्टिअरिंग लॉक झालं तर दरी. पेट्रोलचे पाच-पन्नास रुपये त्यापुढे काहीच नाहीत. मामांना माझा निरोप द्या.

सिन्नरचा_सोपान

मामा आता गाडी चालवत नाहीत, पण त्यांचा मुलगा चालवतो. त्याला आजच दाखवतो हे.

देवरुखची_वाट

काल गावी आलो, इथूनच लिहितोय.

स्टड बदलला, पितळी नट, नवं पॅकिंग. सगळं मिळून चारशे रुपयांच्या आत. लेथवरचा_माणूस यांनी स्टड लावायचे पैसे घेतले नाहीत, वर चहा पाजला. ते मला आवडलं नाही हे त्यांना तोंडावर सांगितलंय, पुढच्या वेळी घ्यायचे.

मलकापूर सोडल्यापासून वडील गप्प होते. आंबा गावात चहा घेतला. उतार लागला, मी तिसरा टाकला, पाय काढला. वडिलांचा हात डॅशबोर्डवर. पहिलं वळण, काही नाही. दुसरं, काही नाही. इंजिनाचा तो जुना, लांबट, ओढून धरल्यासारखा घुमणारा आवाज तेवढा. त्या दुचाकीवाल्याचं वळण आलं तेव्हा माझाच घसा कोरडा पडला होता. तेही गेलं. साखरप्याच्या अलीकडे कुठेतरी पाहिलं तर वडिलांनी हात काढून खिडकीच्या काचेबाहेर कोपर टेकवलं होतं, पूर्वी गाडी चालवताना टेकवायचे तसं.

एकदाच, अगदी खाली, एक बारीक 'फुट' ऐकू आलं. मिक्श्चर अजून पाव फेरी आत घेऊन बघतो. तिसऱ्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन दर दोन महिन्यांनी लिहून ठेवणार आहे, उतरत गेलं तर हेड उतरवू. आता ते का उतरवायचं ते मला सांगता येईल.

घाटमाथ्यावरची, तुमचे विशेष आभार. कधी कोल्हापूरला आलात तर घरी जेवायला या.

घाटमाथ्यावरची

नक्की येईन, ८०० घेऊनच. वडिलांना नमस्कार सांगा.

लेथवरचा_माणूस

परत येताना घाट चढायच्या आधी, इंजिन थंड असताना, तेच नट पुन्हा एकदा आवळा. नवं पॅकिंग दोन-तीनदा तापून थंड झालं की बसतं आणि नट किंचित सैल पडतात. १२ चा पाना गाडीत आहे ना?

देवरुखची_वाट

आहे. उद्या सकाळी करतो.